अंबू, चौतिसावी आवृत्ती

भिवंडी,
बुधवार, ३० नोव्हेंबर १९७७

प्रिय गोदूस अंबूचा नमस्कार. (तू सतरा दिवसांनी मोठी आहेस म्हणून नमस्कार. नाहीतर हे पत्र तुझा कान धरूनच लिहायला बसले होते.)

तुझे गुडघे कसे आहेत? इंदूरला थंडी पडू लागली असेल. सकाळी अंगणात जाताना पायांत मोजे घालत जा, आणि लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. बोर्डिंगात आपण दोघी दिवसभर मोजे घालून फिरायचो तेव्हा कोण काय म्हणालं? चि. रामनाथ आणि सूनबाई खुशाल असतील. नातीचे पुढचे दात आले का? तुझ्या होळीच्या पत्रात ते पडल्याचं होतं, आणि 'सविस्तर पुढच्या पत्रात लिहिते' असंही होतं. आता दिवाळी सरली. मी तक्रार करत नाही, फक्त महिने मोजले. पोस्टमनला मी दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळेपासून तो मला पाहिलं की सायकल पलीकडच्या गल्लीत घालू लागला, तेव्हा विचारणं सोडून दिलं. त्याचा काय दोष, त्याच्या पिशवीत असेल तर देईल ना.

माझी प्रकृती उत्तम आहे. आणि मी अजिबात एकटी नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण 'भिवंडीत बिचारी एकटी पडलीय' असं तू सूनबाईंना सांगत असशील हे मला इथे बसून ऐकू येतं. ह्यांना जाऊन येत्या माघात सहा वर्षं होतील. सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या कारखान्यातली त्यांची माणसं पहिलं वर्षभर येत होती, मग दसऱ्याचं सोनं द्यायला येत होती, मग तीही येईनाशी झाली. पण आता मला नोकरी आहे, दोन वर्षं झाली; तू हसशील म्हणून कळवली नव्हती. हसू नकोस. छप्पन्नाव्या वर्षी नोकरी लागलेली बाई तुझ्या ओळखीत दुसरी नसेल. मी कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. (कॉम्प्युटर मी अजून पाहिलेला नाही. तो मुंबईत असतो.)

ते असं झालं. एकाहत्तरच्या लढाईत मुंबईत रोज काळोख करत, त्या काळोखात बसून कंपनीच्या साहेबांच्या मनात आलं, की उद्या बॉम्ब पडला तर यंत्र विम्यातून नवं येईल, पण त्याच्या डोक्यातलं कुठून आणायचं? यंत्राच्या डोक्यातलं सगळं गोल डब्यांत गुंडाळलेल्या टेपांवर असतं. तेव्हा प्रत्येक टेपेची जोड करायची आणि एक मुंबईबाहेर ठेवायची असं ठरलं. लढाई चौदा दिवसांत संपली, पण साहेबांची भीती संपायला चार वर्षं लागली, आणि चौथ्या वर्षी टेपा भिवंडीला आल्या. कशेळीच्या रस्त्याला कापडाच्या गठ्ठ्यांचं एक मोठं गोदाम आहे, त्यातली एक खोली कंपनीने घेतली. डब्यांवर सगळं इंग्रजीत, आणि गोदाम सांभाळणारे गुलाम हुसेनभाई उर्दू वाचतात. गोदामाचे मालक ह्यांना ओळखत होते. ते म्हणाले, आमच्या गुप्तेबाई कॉन्व्हेंटात शिकल्यात, रिकाम्याच बसलेल्या असतात. अशी माझी शिफारस झाली.

काम सोपं आहे. डबे रांगेत ठेवायचे, मुंबईहून फोन आला की मागतील तो डबा पाठवायचा, परत आला की जागेवर ठेवायचा, आणि धूळ बसू द्यायची नाही. हे शेवटचं सोडलं तर सोपं. भिवंडीत हवा नसतेच, असतो तो कापूस. चारही बाजूंनी लूम खडखडतात आणि हवेत तंतू तरंगत असतात; आमटीत पडतात, केसांत बसतात, माणूस अकाली म्हातारा दिसतो (माझ्या बाबतीत अकाली म्हणायची सोय उरली नाही). म्हणून टेपांच्या खोलीला दुहेरी दार आणि थंड हवेचं यंत्र आहे. सबंध तालुक्यात इतकी थंड खोली दुसरी नसेल. भर मेमध्ये मी शाल आणि मोजे घालून बसते, आणि त्यामुळे माझ्याकडे माणसांची वर्दळ असते. झाडायला येणारी ठमाबाई पडघ्याकडची, ती एकदा आली की दोन तास केर शोधत राहते. तिला म्हटलं, बाई, झालं असेल तर जा. तर खाली मांडी घालून (पौषाला ती पूस म्हणते) म्हणाली, "बाय, भायेर वैशाख हाय, तुमचे खोलीन पूस हाय. मी वैशाखान जात न्हाय." गोदामातले हमाल आळीपाळीने मला वेळ विचारायला येतात. मागच्या उन्हाळ्यात एकाने मेव्हण्याच्या लग्नातले पेढे ठेवायला आणले होते, ते मी 'बँक, दुसरी प्रत' या फळीवर ठेवू दिले. पण थंडी सुरू झाली की वेळ विचारायला कोणी येत नाही. ठमाबाईसुद्धा आता उंबऱ्यातून केर काढते आणि "बाय, कुडकुडतंय" म्हणून जाते. तरी मी एकटी नाही. दोनशे बारा टेपा आहेत.

आता मुख्य गोष्ट सांगते, पण त्याआधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर तू हे पत्र मध्येच ठेवून देशील. तुला सिस्टर बेनेडिक्टा आठवते? स्वतः ती ना स्वयंपाक करायची, ना शिकवायची, ना कपडे धुवायची. पण सकाळी ती घंटा वाजवायची आणि मग कोणी आधी आंघोळीला जायचं, कोणी कुठल्या टेबलाशी बसायचं, शिवणाचं मशीन कोणाला किती वेळ, कोणी आता गप्प बसायचं, हे सगळं ती ठरवायची. ती आजारी पडली त्या आठवड्यात चाळीस मुली, तीन नन्स आणि एक आचारी असूनही कोणाला वेळेवर जेवण मिळालं नव्हतं. तर यंत्राच्या पोटात एक सिस्टर बेनेडिक्टा असते, तिचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम. सकाळी यंत्र चालू केलं की आधी ती टेपेवरून आत जाते, मग बाकीची कामं तिच्या हुकमाने.

भानगड अशी, की ही सिस्टर एकच नव्हती. मूळची एक, परदेशातून आलेली. मग बँकेच्या कामासाठी एका इंजिनिअरने तिच्यात फेरफार केला, कारखान्यांच्या पगारासाठी दुसऱ्याने केला, परीक्षांच्या निकालांसाठी तिसऱ्याने. मग प्रत्येकाने आपापली सुधारली, मग सुधारलेली बिघडली म्हणून दुरुस्त केली. आणि प्रत्येकाने डब्यावर आपल्या मनाला येईल ते नाव लिहिलं. माझ्या फळीवर काय काय होतं ते तुझ्यासाठी मराठी करून देते: 'नवीन', 'नवीन सुधारलेली', 'शेवटची', 'शेवटची (खरी)', 'दिवाळीपूर्वीची', 'हिला हात लावू नये', आणि एका डब्यावर नुसतंच 'हीच ती'. गुलाम हुसेनभाईंनी पहिल्याच आठवड्यात हे पाहून डोकं हलवलं. ते पूर्वी गठ्ठ्यांवर मार्के काढायचे. पत्र्याच्या साच्यातून शाईचा कुंचला फिरवला की गठ्ठ्यावर तोता, कैची, आंबा, ज्या त्या पेढीची खूण. त्यांनी मला न विचारता माझ्या डब्यांवरही मार्के काढून टाकले. बँकेच्या सगळ्यांवर कैची, पगाराच्या सगळ्यांवर आंबा, निकालाच्या सगळ्यांवर तोता. (बँकेला कैची का, हे मी विचारलं नाही.) मला तेव्हा हसू आलं होतं. कॉन्व्हेंटात शिकल्याचा गर्व, दुसरं काय.

गेल्या वर्षी श्रावणात फोन आला, पगाराचं काम आहे, 'नवीन' ताबडतोब पाठवा. मी 'नवीन' लिहिलेला डबा शोधला, शालीत गुंडाळला आणि कंपनीच्या जीपमधून पाठवला. आता 'नवीन' लिहिलेली टेप दोन वर्षांची जुनी होती, आणि ती निकालांची होती, हे मला कसं कळावं? डब्यावर तोता होता खरा. गुलाम हुसेनभाई दारात उभे राहून म्हणालेसुद्धा, "बाई, तोता जा रहा है, आंबा मंगवाया था ना?" मी म्हटलं, तुम्ही थांबा, त्यावर स्पष्ट लिहिलंय. मुंबईत त्या दिवशी कुठल्याशा कारखान्याचे पगार व्हायचे होते. मला सांगितलं ते असं, की यंत्राने पगाराची कार्डं पोटात घेतली आणि संध्याकाळपर्यंत आसनक्रमांक विचारत बसलं.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ साहेब स्वतः आले. हे तिथले मुख्य इंजिनिअर, वय पन्नास, डोक्यावर एक केस नाही, आणि माझ्या खोलीत आले की लगेच शिंकायला लागतात. मला वाटलं नोकरी गेली. पण ते स्टुलावर बसले, चार शिंका दिल्या आणि रुमालाआडून म्हणाले, "बाई, आमच्याकडे सगळे हुशार आहेत. एकाचं दुसऱ्याला कळत नाही एवढंच. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा काय करू." गोदू, किती वर्षांनी मला कोणी असं विचारलं होतं. मी त्यांना धोब्याचे आकडे सांगितले.

तुला आठवतात ना? चाळीस मुलींचे कपडे एकाच भट्टीत जायचे. त्यात चार मेरी, तीन शांता, आणि शिवाय प्रत्येकीची लाडकी नावं. सिस्टर म्हणायची, नावं देवाला ठाऊक, धोब्याला आकडा कळतो. प्रत्येक कपड्याच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने आकडा. मी चौतीस, तू पस्तीस. आठव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत झगे बदलले, उंची बदलली, मला सिस्टरने 'एमी' करून टाकलं कारण अंबुजा म्हणताना तिची कवळी हलायची, पण आकडा तोच राहिला. तुझ्या आजारपणात तुझे कपडे माझ्याकडे आणि माझे तुझ्याकडे गेले, तरी आकड्याने परत आपापल्या पेटीत आले. एक सोडून, पण ते मागाहून.

केसरीनाथ साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं, आणि आम्ही दोघांनी तिथेच बसून एक चिठ्ठी ठरवली. प्रत्येक डब्यावर एकसारखी: वर नाव, मग कितवी आवृत्ती ते आकड्यात ('नवीन' चालणार नाही, 'हीच ती' तर मुळीच नाही), मग कोणासाठी, मग तारीख. कोपऱ्यात गुलाम हुसेनभाईंचा मार्का, कारण त्याबाबतीत मी आता बोलायची राहिले नव्हते. शिवाय साहेबांनी अशी योजना केली की नुसतं डब्यावर नाही, तर सकाळी यंत्र चालू झालं की त्याने स्वतःच आपलं नाव आणि आवृत्ती कागदावर उमटवायची. आणि पगाराची, बँकेची, निकालाची जी कामं आत जातील त्यांनीही आधी विचारायचं, 'तू कोण?' बरोबर उत्तर आलं तरच कामाला लागायचं. वर्षभर हे इतकं सुरळीत चाललं, की मला फोन येईनात. सुरळीत चालण्यात एवढा एक दोष असतो.

मग यंदाचा दसरा आला. खंडेनवमीला भिवंडीतल्या प्रत्येक लूमला हार असतो, तसा त्यांनी मुंबईत कॉम्प्युटरलाही घातला. हळदकुंकू, नारळ (नारळ बाहेर फोडला, आत पाण्याला मनाई आहे), आणि सगळं झाल्यावर कोणाच्या तरी भाविक मनात आलं, की आपण कागदाच्या तुकड्यावर दूध-साखर लिहितानाही आधी वर 'श्री' काढतो, आणि हे एवढं मोठं यंत्र रोज सकाळी आपलं नाव सांगतं ते 'श्री'शिवाय? त्याने यंत्राच्या नावाआधी 'श्री' घातला. सगळ्यांनी हात जोडले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पगाराच्या कामाने विचारलं, तू कोण. यंत्राने सांगितलं, श्री अमुकतमुक. पगार म्हणाला, मी श्री कोणाला ओळखत नाही, आणि खाली बसला. बँक खाली बसली. निकाल खाली बसले. अडीच दिवस सगळे इंजिनिअर चूक शोधत होते. नावाकडे कोणी पाहिलं नाही, कारण 'श्री' डोळ्यांना दिसतच नाही. तो कागदावर असायचाच.

केसरीनाथ साहेब पुन्हा माझ्या स्टुलावर येऊन शिंकायला लागले. 'श्री' काढायला कोणी तयार नव्हतं. घातलेला कसा काढणार? ज्याने घातला त्याची आई आजारी होती, तो म्हणाला, मी हात लावणार नाही. आणि ठेवला तर कामं बंद. गुलाम हुसेनभाई दारात गठ्ठे मोजत होते, ते न वळता म्हणाले, "साहेब, शेठ मेला, शेठचा मुलगा आला, पेढीचं नाव बदललं. मुलगा भांडून गेला, जावई आला, फिर बदललं. ऊपर कितना भी अच्छा नाव लिहा, हार चढाव. तोता वही रहा. हमाल तोता बघून गठ्ठा उचलतो."

त्या क्षणी मला काय आठवलं सांगू? आमच्या लग्नातलं तांदळाचं ताम्हन. ह्यांनी अंगठीने त्यात 'पद्मावती' लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, पेढे वाटले. मी ताम्हनाकडे बघत होते. मी वीस वर्षांची, कॉन्व्हेंटात शिकलेली, पण मला एवढंच वाटलं की मग अंबू कुठे गेली? कोणी विचारलं नाही. नाव सुंदर होतं, ह्यांनी हौसेने ठेवलं होतं. पण हे स्वतः जन्मभर 'अगं' म्हणाले. सासरी मी वहिनी झाले, मग काकू झाले, रेशनकार्डावर पद्मावती, गोदामात गुप्तेबाई. इतक्या आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक वेळी नाव वरून बदललं. आत घंटा वाजवणारी तीच.

तेव्हा मी साहेबांना म्हटलं, दोन नावं ठेवा. एक शोभेचं. ते माणसांनी वाचायचं. त्यात श्री घाला, शुभ दीपावली घाला, साहेबांची बदली झाली तर नवं काहीतरी घाला. दुसरं कामाचं. ते छोटं, साध्या अक्षरांचं, त्यात श्री नाही, रिकामी जागा नाही, मोठेपणा नाही. कामांनी 'तू कोण' विचारलं की हेच सांगायचं. आणि हे एकदा दिलं की पुन्हा कधीही, कोणत्याही कारणाने, कोणीही बदलायचं नाही. साहेबांनी रुमाल खाली केला. मग म्हणाले, "बाई, हे लिहून द्या."

मी दोन कागद भरून नियम लिहिले, सिस्टरच्या वळणाच्या अक्षरात. साहेबांनी त्याखाली सही केली. नियमांबरोबर एक नमुन्याची चिठ्ठीही हवी होती, म्हणजे प्रत्येक ओळीत काय लिहायचं ते कळावं. नमुना म्हणून काय लिहिणार? मला माझ्याशिवाय दुसरं उदाहरण माहीत नव्हतं. कामाचं नाव: अंबू. आवृत्ती: ३४. कोणासाठी: ही ओळ मी रिकामी सोडली. आणि तो नमुना चुकून खऱ्या कागदांबरोबर मुंबईला गेला. साहेब दिवाळीला अलिबागला गेले होते. कार्डांना भोकं पाडून मजकूर उतरवणाऱ्या पंचिंगच्या मुलींचा दंडक असा, की कागदावर दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं, डोकं चालवायचं नाही. त्यांनी डोकं चालवलं नाही.

साहेब परत आले त्या सकाळी यंत्राजवळच्या टाइपरायटरने आपोआप कागदावर इंग्रजीत उमटवलं: अंबू, चौतीस. शोभेच्या ओळीत श्री, शुभ दीपावली, सगळं थाटात. आणि पगार, बँक, निकाल धरून बाराच्या बारा कामं मुकाट्याने उठून कामाला लागली, कारण त्यांनाही त्याच कागदावरून शिकवलं होतं की अंबू म्हणेल तिचंच ऐकायचं. साहेबांचा फोन आला, "बाई, ही अंबू कोण?" मी म्हटलं, नमुन्यापुरतं एक नाव होतं. ते म्हणाले, बदलून टाकू का. मी म्हटलं, साहेब, नियम तिसरा, खाली सही तुमची आहे. परवा म्हणे दिल्लीहून कोणी पाहुणे यंत्र बघायला आले होते, त्यांनी विचारलं, ही चौतिसावी आवृत्ती, तर आधीच्या तेहतीस कुठे आहेत? साहेबांनी सांगितलं, भिवंडीला, सुरक्षित आहेत.

आता रोज सकाळी साहेब काहीतरी कारण काढून फोन करतात तेव्हा मागे तिथली माणसं बोलताना ऐकू येतात. कोणी विचारतं, अंबू उठली का? कोणी म्हणतं, अंबूला आज बरं नाही, जरा थांबा. काल कोणीतरी मोठ्याने म्हणालं, अंबूला आधी खायला घाला रे, मग पुढचं. (म्हणजे कार्डं घाला.) मी फोन कानाला लावून उभी असते. गुलाम हुसेनभाई विचारतात, बाई, फोन बंद झाला, अजून काय ऐकता.

पत्र फारच लांबलं. रामनाथला व सूनबाईंना आशीर्वाद, नातीला दातांसकट गोड पापा. तब्येतीला जप. माझी काळजी करू नकोस, माझं इथे छान चाललं आहे.

तुझी,
अंबू

ता. क. मोज्यांचा एक जोड विणून ठेवला आहे. पोस्टाने पाठवणार होते, पण माप आठवणीतलं आहे, तुझ्या पायाला लावून बघितल्याशिवाय टाच बसत नाही. लोकर उरली आहे.

आणखी एक. नमुना चुकून गेला असं वर लिहिलं, साहेबांनाही तेच सांगितलं आहे. तुला खोटं लिहून झोप येणार नाही. ती चिठ्ठी मी तीनदा लिहिली, 'अं'वरचं टिंब नीट येईपर्यंत, आणि खाली तेच नाव इंग्रजीतही लिहून दिलं, मुलींना अडायला नको म्हणून. पाकीट मीच चिकटवलं. लग्नापासून मला त्या नावाने फक्त तू हाक मारत होतीस, तीही पत्रातून, आणि होळीपासून तीही नाही. मग मी म्हटलं, मुंबईत कोणीतरी मारू दे.

शेवटचं, आणि मग खरंच बंद करते. सोळाव्या वर्षी आपण बोर्डिंग सोडलं तेव्हा सगळे कपडे आकड्याप्रमाणे परत गेले, पण एक उशीचा अभ्रा माझ्या ट्रंकेत आला. त्यावर लाल दोऱ्याने पस्तीस आहे. बेचाळीस वर्षं झाली, तुला सांगायचं राहून गेलं, किंवा सांगितलं नाही असं म्हण. तो मी काल धुऊन, इस्त्री करून दुसऱ्या खाटेवरच्या उशीला घातला आहे. दुसरी खाट कसली, म्हणशील. परवा विणून घेतली. ठमाबाईने नवार ताणून दिली आणि कोण येणार विचारलं, मी म्हटलं, अजून कळवलेलं नाही. गुलाम हुसेनभाई म्हणतात, पाहुणीच्या ट्रंकेवर मार्का कोणता काढू, तोता की आंबा, ते आधी कळवा, एस.टी. स्टँडवर हमालाला ओळखायला बरं. रामनाथ विचारील किती दिवसांसाठी, तर त्या ओळीत काही लिहू नकोस. माझ्या चिठ्ठीत 'कोणासाठी'पुढे रिकामी सोडलेली ओळ तुला आता कळली असेल.

आणि वर मी दोन-तीन ठिकाणी लिहिलं आहे ना, की मी एकटी नाही, माझी काळजी करू नकोस, छान चाललं आहे? ते सगळं शोभेच्या ओळीतलं धर. कामाची ओळ एवढीच: गोदू, ये.